कशात नापास, तेवढं सांगा

टाकळवड्यात एखाद्या पोरीचा मांडा बिघडला आणि ती "मन्हं चुकनं" असं म्हणाली, की सुगंधाबाईचं टाळकं सरकायचं.

"चुकनं म्हंजे काय व्हयनं? फाटना, का चिटकना, का कच्चा ऱ्हायना? नाव घे ना तेन्हं!"

सुगंधाबाईच्या हिशेबी प्रत्येक बिघाडाला नाव होतं. मांडा फाटला म्हणजे कणीक कमी तिंबली. चिकटला म्हणजे खापर नीट तापलं नाही. पुरण फुटून बाहेर आलं म्हणजे वाटताना कुणीतरी आळस केला. नाव कळलं की उपाय कळला, आणि ज्या पोरीला नाव सांगता येत नसे तिला ती चुलीपुढून उठवून पाणी भरायला धाडी. पोरी घाबरत, त्यांच्या आया मात्र खूश असत. कारण खापराचे मांडे म्हणजे आमच्या खान्देशात लग्नघराची अब्रू. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत खेळवत खेळवत रुमालाएवढा पातळ करायचा आणि उपड्या तापल्या खापरावर अलगद पांघरायचा. हे ज्या बाईला जमलं तिला पंचक्रोशीतून बोलावणी येत, आणि सुगंधाबाईला ती येत होती.

तिला हे कुणी मायेनं शिकवलं नव्हतं. माहेर रनाळ्याचं. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती दोन कोसांवरच्या टाकळवड्यात दगा पाटलाच्या घरी आली. सासरी पहिलाच मांडा फाटला. तो फाटका मांडा सासूनं तीन दिवस सुनेच्याच ताटात वाढला. तीन दिवसांत सुनेला मांडा फाटायची सगळी कारणं तोंडपाठ झाली. सासू कजाग होती, यात वाद नाही. पण शिकवणं पक्कं होतं.

पुढं ती सवय चुलीपुरती राहिली नाही. पाऊस आला नाही, असं सुगंधाबाई कधी म्हणत नसे. पावसानं दडी मारली, की हुलकावणी दिली, की नुसतं शिंतोडून गेला, हे वेगवेगळं. विरजण लागलं नाही हे एक आणि दूध नासलं हे दुसरं. गाय उलटली, विहीर आटली, कपाशीची पाती गळाली, बोंडाची कवडी झाली, ज्वारी पोचट निघाली. सगळ्यांना मिळून 'वाया गेलं' म्हणणारा माणूस तिच्या मते आळशी होता. बुडालं म्हणून कपाळाला हात लावून बसायचं, पण कशानं बुडालं ते बघायला बांधावर जायचं नाही, असले पुरुष गावात पुष्कळ होते आणि ते तिच्यापासून चार हात दूर राहत.

तिचं पहिलं मूल पोटातच गेलं. बायका भेटायला आल्या, डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "नशीब फुटनं वं माय." सुगंधाबाई भिंतीला टेकून बसली होती. अंगात ताप होता. ती म्हणाली, "नशीब कसाले फुटी? सातवा महिनामा मी भरेल हंडा उचला. तेन्हामुये गयं." बायकांना ते कठोर वाटलं. कठोर नव्हतं ते. ती त्या मुलासाठी वर्षभर आतल्या आत रडली. पण पुढच्या दोन्ही खेपांना तिनं हंड्याला हात लावला नाही, आणि सासूच्या तोंडाला तोंड देऊन लावला नाही. दोन्ही मुलगे जगले.

अशी ही बाई एकदा मात्र पुरती फजीत झाली. साल छप्पन्न, वैशाख महिना. दोंडाईच्याला एका मोठ्या घरी लग्न होतं आणि मांड्यांचं बोलावणं सुगंधाबाईला. घोंगडीत गुंडाळलेलं खापर डोक्यावर घेऊन ती धाकटी जाऊ सिंधुबाईबरोबर नंदुरबारच्या स्टेशनात आली. दोन गाड्यांची गाठ पडलेली, एक या अंगाला, एक त्या अंगाला. डब्यांवर पाट्या होत्या. सिंधुबाईनं ठासून सांगितलं, "हाईच आपली गाडी. चढ पटकन." दोघी चढल्या, जागा चांगली मिळाली, सिंधुबाईनं भाकरी सोडली. गाडी पूर्वेला जायच्या ऐवजी पश्चिमेला गेली आणि दोघी उतरल्या त्या खांडबाऱ्याला. तिकडं दोंडाईच्यात वऱ्हाडानं साध्या पोळ्या खाल्ल्या आणि ती गोष्ट चार वर्षं सगळ्या लग्नांतून सांगितली.

गाव म्हणे, बाईची गाडी चुकली. सुगंधाबाई म्हणे, गाडी कशाला चुकेल, ती तर वेळेवर सुटली. "पाटी वाचता उनी नही" हे तिनं त्या फजितीचं नाव ठेवलं. नाव सापडलं, पण या एका बिघाडाचा उपाय तिच्या चुलीपाशी नव्हता.

तो सात वर्षांनी आपल्या पायांनी गावात आला. त्रेसष्ट साली ग्रामशिक्षण मोहीम टाकळवड्यापर्यंत पोचली. जिल्हा तेव्हा धुळ्याचा. चौदा ते पन्नास वयाच्या प्रत्येक बाईमाणसाला आणि बाप्यामाणसाला लिहिता-वाचता आलं पाहिजे. सगळे पास झाले की गावाचा गौरव समारंभ, साहेबलोक येणार, मिरवणूक निघणार. एक जरी राहिला तरी समारंभ नाही. सरपंच होता चुडामण पाटील, म्हणजे दगा पाटलाचा धाकटा भाऊ, सिंधुबाईचा नवरा. शेजारच्या गावाचा समारंभ होऊन गेला होता, आणि चुडामणच्या घशाखाली तेव्हापासून घास उतरत नव्हता.

शिकवायला नवल गुरुजी. चोवीस वर्षांचा पोरगा, खांडबाऱ्याकडचा, घरी कोकणा आदिवासींची कोकणी बोलणारा. ट्रेनिंगहून आल्यापासून तो इतकं शुद्ध बोले की त्याला पाणी मागायचं असलं तरी गावकरी अदबीनं उभे राहत. बायकांचा वर्ग दुपारी चुडामणच्या ओट्यावर भरे. गुरुजी एक ओळ म्हणत, तीस बायका मिळून ती ओळ म्हणत. त्या गलक्यात कोण काय म्हणतंय ते देवालाही कळलं नसतं.

सुगंधाबाई एक दिवसही चुकली नाही. कणीक चाळून झाली की परातीत ती पसरून बोटानं अक्षरं काढी, पुसे, पुन्हा काढी. नवरा जेवायला खोळंबे. दगा पाटील मुळातच गरीब स्वभावाचा माणूस, तो ओसरीवर बसून "आज कोनतं अक्षर शे?" एवढंच विचारी. तीन महिन्यांत तिला पुस्तक वाचता यायला लागलं. काय वाचता येतं, कसं येतं, हे कुणी तपासलं नाही, कारण सुगंधाबाईला येणारच, हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

एप्रिलात तपासणीचे साहेब आले. देशावरचे गृहस्थ. माणूस वाईट नव्हता, चाळीस गावं तपासून कावलेला होता. एकेकाला पुढं बोलवत, पुस्तक उघडून देत. सिंधुबाई पुढं बसली, नजर आढ्याकडं लावली आणि अख्खा धडा घडाघडा म्हणून मोकळी झाली. तिच्यापुढं पुस्तकाऐवजी पाट ठेवला असता तरी ती तसाच म्हणाली असती. पास.

मग सुगंधाबाई. धडा होता: 'हे माझे घर आहे. माझ्या घरात गाय आहे. गाय दूध देते.'

अक्षरांखालून बोट फिरवत ती सावकाश वाचू लागली, "हाई मन्हं घर शे. मन्हा घरमा गाय शे. गाय दूध देस."

साहेबांनी चष्मा वर केला. "बाई, इथं लिहिलंय ते वाचा."

"तेच वाचं ना साहेब."

"'शे' कुठं लिहिलंय दाखवा."

तिनं 'आहे'वर बरोबर बोट ठेवलं. ओट्यावरची माणसं हसली. साहेबांना वाटलं, बाई ऐकून ऐकून गोष्ट सांगते आहे, अक्षराशी तिचा काही संबंध नाही. पुन्हा वाचायला लावलं, पुन्हा तेच. एकशे ब्याऐंशी माणसांत एक नापास निघालं, आणि ते सरपंचाच्या घरातलं. महिन्याभरानं फेरतपासणी, असं सांगून साहेब जीपमध्ये बसले.

चुडामणनं मांडव सांगून ठेवला होता, लेझीम सांगून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी तो भावाच्या घरी आला तो तोड घेऊनच आला. त्याला वाटलं, आपण वहिनीचं भलं करतो आहोत.

"वहिनी, तुम्हनी उमर आपन एकावन्न लिखी देतस. पन्नासना वर गयं का यादीमधून नाव कटनं. ना पास, ना नापास."

"मन्ही उमर चव्वेचाळीस शे."

"कोन देखाले जाई?"

"मन्हा भाऊ भटू मन्हाथीन दोन वरीसनी मोठा. तेन्ही उमर रनाळाना शाळामा लिखेल शे." ती शेंगा फोडत होती, हात थांबला नाही. "भाऊ, माले म्हतारी करीसन तुम्हना गाव शिकेल व्हई का?"

चुडामण भडकला. एका बाईपायी गाव अडलं, असं चौकात ऐकायला लागतंय, म्हणाला. ते खरं होतं. तिलाही विहिरीवर ते ऐकू आलं होतं. आजवर ज्या पोरींना तिनं चुलीपुढून उठवलं होतं त्या आता तोंडाला पदर लावून तिच्याकडं बघत, आणि ते तिला फार लागलं. तिनं आयुष्यात इतक्या गोष्टी बिघडलेल्या पाहिल्या होत्या, निस्तरल्या होत्या. पण ही निस्तरायची कशी? साहेबांनी कशात बिघडलं ते सांगितलंच नव्हतं.

म्हणून ती शाळेत गेली. नवल गुरुजी एकटेच बसले होते.

"गुरजी, नापास म्हंजे काय?"

"नापास म्हणजे अनुत्तीर्ण," गुरुजी म्हणाले.

"तेन्हा अर्थ?"

"अयशस्वी. असफल." ट्रेनिंगच्या वहीत समानार्थी शब्दांची ओळच्या ओळ पाठ केलेली होती, ती बाहेर आली. "अपयशी."

सुगंधाबाईनं सगळे शब्द नीट ऐकून घेतले. "ह्या सगळा शब्द नुसतं 'नही' म्हंतस. काय नही, ते कोठे शे? डोया नही चालना, का जीभ नही चालनी, का अक्षर नही वळखाय? तेवढं सांगा. मी घर जाईसन सुधारसू."

गुरुजींनी टेबलावरचं एक परिपत्रक उचललं आणि तिच्यापुढं धरलं. कालच्या टपालानं आलेलं, गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. 'शाळेची वेळ सकाळी सात ते अकरा राहील.' तिनं बोट ठेवलं. शब्द नवे होते, वेळ लागला.

"शायनी येळ... सकायले सात पासून... अकरा लगून ऱ्हाई."

गुरुजींनी तिला पुढची ओळ दिली. तिनं तीही वाचली, तशीच. मग त्यांनी कागद खाली ठेवला आणि मान खाली घातली. लहानपणी शाळेत धडा वाचताना त्यांच्याही तोंडून घरचे शब्द निघत. त्यासाठी हातावर छड्या बसत. छड्या खाऊन खाऊन त्यांनी लिहिलंय तसं म्हणायला शिकून घेतलं, आणि त्यानंतर किती तरी वर्षं वाचलेलं समजत नव्हतं. हे सगळं आपण विसरलो, आणि तीस बायकांच्या गलक्यात या एका बाईचं वाचणं आपल्याला ऐकू आलं नाही, याची त्यांना मनापासून शरम वाटली.

"मोठी आई, तुम्हाला वाचता येतं," ते म्हणाले. "तुम्ही वाचता वाचता आपल्या भाषेत करून घेता. साहेबांपुढं फक्त 'शे'च्या जागी 'आहे' म्हणा. बाकी काही बिघडलेलं नाही."

एवढंच? सुगंधाबाईचा जीव भांड्यात पडला. नाव सापडलं होतं. आठ दिवस ती परातीपुढं बसून 'आहे, आहे' करत होती. पण झालं भलतंच. 'आहे' म्हणायला जावं तर सगळं लक्ष जिभेवर. ओळ संपली की त्या ओळीत काय होतं ते आठवत नसे. गाय होती की म्हैस होती? पुन्हा वर जाऊन पाहावं लागे. नवव्या दिवशी तिनं गुरुजींना सांगून टाकलं.

"तसं वाचं ते मी सिंधू व्हई जासू. माले नही करनं."

गुरुजी नंदुरबारला जाऊन साहेबांना भेटून आले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुरुजी, उद्या प्रत्येक जण पुस्तक समोर धरून आपल्या मनाचं काही बोलेल, आणि मी ते वाचन समजू? मला काय कळणार, वाचतोय की सांगतोय?" हे बोलणंही खोटं नव्हतं. गुरुजी परत आले. सुगंधाबाईनं त्यांचा चेहरा पाहिला आणि परातीत कणीक चाळायला घेतली.

फेरतपासणीला मे उजाडला. पिंपळाखाली सतरंजी, सतरंजीवर साहेब, पुढं बैठं मेज, भोवती अख्खं गाव. तपासायचं माणूस एकच होतं. चुडामण हात मागं बांधून उभा. त्याच्या खिशात एकावन्न वयाचा दाखला लिहून तयार होता. नुसतं वहिनीनं हो म्हणायचं होतं. दगा पाटील मागं, झाडाच्या बुंध्याशी.

सुगंधाबाई मेजाच्या कडेला, साहेबांच्या हाताजवळ बसली. लग्नात हजार माणसांचं जेवण तिनं पेललं होतं, पण एवढी भीती कधी वाटली नव्हती. आज नापास झालं तर गावापायी दाखल्याला हो म्हणावं लागणार, यादीतून नाव कटणार. मग ती कायमची अडाणी, आणि तेही वय खोटं सांगून.

साहेबांनी पुस्तकातलं शेवटचं पान उघडून दिलं. तिनं वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, न अडखळता, अहिराणीत.

साहेबांनी उसासा टाकला. "बाई, मी तुम्हाला एक संधी दिली होती."

त्यांनी रजिस्टर ओढलं, टोपण काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायला लागले. अक्षर सुरेख होतं त्यांचं, टपोरं, सुटं. सुगंधाबाई बाजूलाच होती. पेन सरकत होतं तसे तिचे डोळे सरकत होते, आणि तिला कळायच्या आत तिचे ओठ हलायला लागले. आवाज मोठा नव्हता, पण पिंपळाखाली चिडीचूप होतं.

"सुगंधाबाई दगा पाटील," ती वाचत होती. "उमर चव्वेचाळीस. ह्या बाईले... वाचता येत नही. पाठ करेल... बोलस."

पेन पुढचा शब्द लिहून गेलं होतं. तिनं तोही वाचला. "नापास." त्या ओळीतला तो एकच शब्द तिनं लिहिला होता तस्सा वाचला. त्याच्यासाठी तिच्याजवळ दुसरा शब्दच नव्हता.

साहेबांचं पेन जागच्या जागी थांबलं. ते स्वतःच्या अक्षराकडं बघत राहिले. शाई अजून वाळली नव्हती. घटकाभरापूर्वी जगात कुठंच नसलेली ती ओळ कुणी कधी पाठ केली असेल, हे त्यांना कुणी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. सिंधुबाईनं पदर तोंडात धरला. चुडामणचा हात खिशाकडं गेला आणि तिथंच राहिला.

"पुन्हा वाचा," साहेब हळू आवाजात म्हणाले.

तिनं पुन्हा वाचलं. या वेळी प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून. 'येत नाही' या दोन शब्दांखाली बोट जरा जास्त वेळ राहिलं.

साहेबांनी ओळीवर एक आडवी रेघ मारली. वर जागा थोडी होती. तिथं त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, आणि लिहिताना रजिस्टर तिच्या बाजूला थोडं कललं, ते चुकून की मुद्दाम कुणास ठाऊक.

"बाईले वाचता येस," सुगंधाबाईनं वाचलं. "पास."

साहेब टोपण लावायला लागले. तिनं रकान्याच्या शेवटी, मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"साहेब," ती म्हणाली, "आते सही करा."